रक्ताचा थेंबही न काढता मूत्रपिंडाची मोजणी

तेरखेड्याहून एका विद्यार्थ्याचे पत्र आले आहे. दोन पानी पत्र आहे आणि अक्षर सुरेख आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या मुलाचे अक्षर इतके वळणदार असू शकते, हे पाहून आम्हा डॉक्टर मंडळींना थोडी लाजच वाटावी. पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला प्रश्न त्याच्या प्रयोगशाळेतला. मूत्रपिंडाला इजा करणारे औषध उंदरांना द्यायचे, सोबत एका वनस्पतीचा अर्क द्यायचा आणि त्या अर्काने मूत्रपिंड वाचते का ते पाहायचे, असा त्याचा प्रयोग आहे. त्यासाठी उंदरांचे रक्त पुन्हा पुन्हा काढावे लागते. "उंदीर अर्धमेले होतात, मग औषधाने मूत्रपिंड बिघडले की रक्त काढल्याने, हे मला कसे कळणार?" असे तो विचारतो. रक्त न काढता मूत्रपिंडाचे काम मोजण्याची पद्धत परदेशात आहे असे त्याने ऐकले आहे. ती कशी असते?

दुसरा प्रश्न घरचा आहे. त्याचे वडील बावन्न वर्षांचे आहेत. फटाक्यांच्या कारखान्यात त्यांचे आयुष्य गेले. दिवसभर मांडी घालून किंवा उकिडवे बसून काम, त्यामुळे कंबर आणि गुडघे कायमचे दुखतात. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी त्यांना रोज लागते, कधी दोनही. मध्यंतरी रक्त तपासले. क्रिएटिनीन १.३ आले. "ठीक आहे, थोडेसे वरच्या बाजूला आहे," एवढेच त्यांना सांगण्यात आले. ते खरोखर ठीक आहे का?

"यातला महत्त्वाचा प्रश्न कोणता हे मला ठरवता आले नाही, म्हणून दोन्ही लिहिले," असे शेवटी त्याने लिहिले आहे. हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. उंदराचा प्रश्न नीट समजला की वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच निघते. म्हणून आज उंदरापासून सुरुवात करू.

गाळणी किती गाळते?

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. निरोगी तरुण माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांतील गाळण्या मिळून मिनिटाला साधारण १२५ मिलिलिटर द्रव रक्तातून गाळतात. दिवसाचा हिशेब केला तर हे १८० लिटर होतात. त्यातले जवळजवळ सगळे पाणी शरीर परत शोषून घेते आणि दीड लिटरच्या आसपास लघवी बाहेर पडते. मिनिटाला किती गाळले जाते, या आकड्याला आपण गाळण-वेग म्हणू. मूत्रपिंड चांगले आहे की नाही याचा सर्वांत खरा आकडा हाच. बाकीच्या तपासण्या याचा अंदाज बांधण्यासाठी असतात.

गोची अशी की हा वेग थेट पाहता येत नाही. गाळण्या शरीराच्या आत, पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाला. तिथे मीटर बसवता येत नाही. मग युक्ती करावी लागते. रक्तात असा एखादा पदार्थ सोडायचा की जो फक्त गाळण्यांतूनच बाहेर जाईल. शरीराने तो वापरता कामा नये, यकृताने फोडता कामा नये, आणि गाळून गेल्यावर मूत्रपिंडाने तो परत शोषता कामा नये. असा पदार्थ रक्तातून किती लवकर नाहीसा होतो ते मोजले की गाळण-वेग कळतो.

१९३० च्या दशकात अमेरिकेत होमर स्मिथ आणि रिचर्ड्स यांनी स्वतंत्रपणे असा एक पदार्थ शोधला. त्याचे नाव इन्युलिन. इन्सुलिन नव्हे, नावे जवळची असल्याने घोटाळा होतो. इन्युलिन हा डेलियाच्या कंदात, चिकोरीच्या मुळात सापडणारा पिठूळ पदार्थ आहे. चिकोरी म्हणजे आपल्याकडे कॉफीत मिसळतात तीच. इन्युलिन शिरेतून सोडायचे, ठरावीक वेळाने रक्त आणि लघवी तपासायची. पद्धत उत्तम, पण रुग्णाला अर्धा दिवस झोपवून ठेवावे लागते. म्हणून नेहमीच्या दवाखान्यात ती कधी आलीच नाही. आपल्या वाट्याला आले ते क्रिएटिनीन.

क्रिएटिनीन आणि पिक्रिक आम्ल

क्रिएटिनीन बाहेरून सोडावे लागत नाही. आपल्या स्नायूंतून ते रोज तयार होते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. मूत्रपिंड मंदावले की रक्तात ते साचते. एकदा रक्त काढले की काम झाले. स्वस्त, सोपे, आणि तालुक्याच्या गावातही होणारे.

ही तपासणी कशी होते हे तेरखेड्याच्या वाचकांना सांगताना मला मौज वाटते. १८८६ साली मॅक्स याफे या जर्मन रसायनतज्ज्ञाला असे दिसले की क्रिएटिनीनमध्ये अल्कली आणि पिक्रिक आम्ल घातले की नारिंगी-लाल रंग येतो. रंग जितका गडद, तितके क्रिएटिनीन जास्त. आज अनेक लहान प्रयोगशाळांत याच रंगावर अहवाल निघतो. आणि हे पिक्रिक आम्ल म्हणजे काय? स्फोटक. पहिल्या महायुद्धात ते तोफगोळ्यांत भरले जाई. प्रयोगशाळेत ते ओले ठेवावे लागते, कारण कोरडे झाले की धोक्याचे. दारूकामाच्या गावातल्या माणसाचे मूत्रपिंड एका स्फोटक रसायनाने तपासले जाते, असा हा योगायोग. आमच्या पत्रलेखकाला पिक्रिक आम्ल आणखी एका कारणाने ओळखीचे असेल. पांढऱ्या उंदरांच्या डोक्यावर, पाठीवर, शेपटीवर ओळखीसाठी पिवळ्या खुणा करतात, त्या बहुधा त्याच्याच.

क्रिएटिनीन उपयोगी आहे, पण ते उशिरा ओरडते. हा त्याचा मोठा दोष. समजा एखाद्याचे मूळचे क्रिएटिनीन ०.६ आहे. त्याचा निम्मा गाळण-वेग गेला, तर क्रिएटिनीन दुप्पट होऊन १.२ च्या आसपास येईल. छापील अहवालात निरोगी मर्यादा १.२ किंवा १.३ पर्यंत लिहिलेली असते. म्हणजे निम्मे मूत्रपिंड गेले आणि अहवालात आकड्यापुढे फुलीसुद्धा नाही! शिवाय ते स्नायूंवर अवलंबून. तालमीतल्या पैलवानाचे जास्त, तर अंगावर मांस नसलेल्या म्हातारीचे कमी, मूत्रपिंड कसेही असो.

उंदरांच्या बाबतीत तर हे आणखी बिघडते. उंदराच्या रक्तात असे इतर पदार्थ असतात की जे पिक्रिक आम्लाबरोबर तसाच रंग देतात. त्यामुळे रंगाच्या पद्धतीने त्याचे क्रिएटिनीन खऱ्यापेक्षा बरेच जास्त दिसते. त्यातून उंदराचे मूत्रपिंड काही क्रिएटिनीन गाळण्यांना वळसा घालून, नळ्यांमधून थेट लघवीत टाकते. म्हणजे मोजायला गेलो एक आणि मोजले भलतेच.

दोन मिलिलिटर रक्ताचा प्राणी

मराठीत आपण सरसकट उंदीर म्हणतो, पण प्रयोगशाळेत त्यांच्या दोन जाती असतात. छोटा उंदीर पंचवीस ग्रॅमचा, मोठा अडीचशे-तीनशे ग्रॅमचा. छोट्या उंदराच्या अंगात एकूण रक्त असते जेमतेम दोन मिलिलिटर. अर्धा चमचासुद्धा नाही. एका वेळी त्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्त काढू नये, असा प्राण्यांच्या प्रयोगांतला साधारण दंडक आहे. म्हणजे ०.२ मिलिलिटर, चार थेंब. इन्युलिनसारख्या पदार्थाने गाळण-वेग काढायचा तर तासा-दीड तासात सात-आठ वेळा रक्त घ्यावे लागते. प्रत्येक वेळी अर्धा थेंब घेतला तरी त्या जिवाला धरावे लागते, शेपटी किंवा डोळ्याचा कोपरा टोचावा लागतो. रक्त कमी झाले, भीतीने ठोके वाढले, रक्तदाब बदलला की मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाहही बदलतो. म्हणजे मोजण्याच्या कृतीनेच मोजायची गोष्ट बदलते. आमच्या विद्यार्थ्याची शंका अगदी रास्त आहे. त्याच्या मार्गदर्शकांनी ती मनावर घ्यावी.

रक्त नको तर लघवी गोळा करावी, असे कुणी म्हणेल. त्यासाठी जाळीच्या तळाचा खास पिंजरा असतो. उंदराला त्यात चोवीस तास एकटे ठेवायचे आणि खाली नळीत लघवी जमा करायची. छोटा उंदीर दिवसाला एक-दोन मिलिलिटर लघवी करतो. त्यातली काही जाळीला चिकटते, काही वाळते, काहीत खाद्याचा चुरा पडतो. शिवाय उंदीर हा घोळक्यात राहणारा प्राणी आहे. एकटा, उघड्या जाळीवर, अंथरायला भुसा नाही, अशा स्थितीत तो कसा निरोगी राहणार?

रानकांदा आणि निळा प्रकाश

या पेचातून जर्मनीतल्या मॅनहाइम येथील संशोधकांनी वाट काढली. नॉर्बर्ट ग्रेट्झ यांच्या गटातील डॅनियल शॉक-कुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मोठ्या उंदरांवर ही पद्धत यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध केले. पुढे ती छोट्या उंदरांसाठीही बसवण्यात आली.

त्यांनी इन्युलिनऐवजी त्याचाच भाऊबंद असलेला सिनिस्ट्रिन घेतला. हा पदार्थ भूमध्य समुद्राकाठी उगवणाऱ्या समुद्रकांद्याच्या गड्ड्यातून मिळतो. आपल्याकडच्या माळरानावर पावसाळ्याच्या तोंडी दिसणारा रानकांदा किंवा कोळकांदा याच्याच जातकुळीतला. जनावर त्याला तोंड लावत नाही, हे गुराख्यांना ठाऊक असते. (समुद्रकांद्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्येही असतात. शुद्ध केलेल्या सिनिस्ट्रिनमध्ये ती नसतात. तेव्हा हे वाचून कुणी रानकांदा उगाळून घेऊ नये.) इन्युलिन पाण्यात सहज विरघळत नाही, गरम करावे लागते. सिनिस्ट्रिन चटकन विरघळतो. म्हणून त्याची निवड झाली.

या सिनिस्ट्रिनला त्यांनी एक चमकणारा रंग जोडला. तो रंग फ्लुओरेसिनच्या कुळातला. फ्लुओरेसिन आपल्या परिचयाचे आहे. डोळ्यात कुसळ गेले, बुबुळावर ओरखडा आला की डोळ्याचे डॉक्टर पिवळ्या कागदाची पट्टी पापणीला लावतात आणि निळा दिवा मारतात. ओरखडा हिरवागार चमकतो. मधुमेह्यांच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी करतानाही हेच द्रव्य हाताच्या शिरेतून देतात.

फटाक्याचा रंग आणि हा रंग यांत फरक आहे. झाडाचा लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा. ते जळताना रंग देतात आणि संपतात. फ्लुओरेसिन जळत नाही. त्याच्यावर निळा प्रकाश पाडला तर ते तो गिळते आणि क्षणार्धात हिरवा प्रकाश बाहेर टाकते. निळा दिवा बंद केला की हिरवे चमकणेही बंद. बँकेत नोट जांभळ्या दिव्याखाली धरली की तिच्यातले धागे चमकतात, तशातलाच हा प्रकार.

आता प्रत्यक्ष कृती. आदल्या दिवशी उंदराच्या पाठीवरचे, बरगडीजवळचे थोडे केस काढतात. दुसऱ्या दिवशी त्याला थोडा वेळ भुलीचा वायू देऊन तिथे एक चिमुकले यंत्र दुहेरी चिकटपट्टीने बसवतात. यंत्र म्हणजे काय, तर निळा प्रकाश देणारे दोन बारीक दिवे, परत येणारा हिरवा प्रकाश टिपणारा एक डोळा, आकडे साठवणारी चकती आणि छोटी बॅटरी. सगळे मिळून काही ग्रॅम वजन. रंग देण्यापूर्वी काही मिनिटे कातडीची स्वतःची चमक नोंदवून घेतात, कारण कातडीही थोडी चमकतेच. मग शेपटीच्या शिरेतून चमकता सिनिस्ट्रिन एकदाच टोचतात. उंदीर शुद्धीवर येतो आणि आपल्या पिंजऱ्यात हिंडू-फिरू लागतो. रक्तातील चमक कातडीतून यंत्राला दिसत राहते. तासाभरात (मोठ्या उंदरात दोन तासांत) चमक ओसरते. यंत्र काढून संगणकाला जोडले की ओसरण्याची रेषा कागदावर उमटते. रक्ताचा एक थेंब नाही, लघवीचा एक थेंब नाही.

हिशेब असा

विद्यार्थी आहे म्हणून हिशेबही देतो. इतर वाचकांनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल, पण वगळू नये असे मला वाटते; गणित सातवीच्या पुढचे नाही.

घरच्या हौदात मूठभर मीठ टाकले आणि एका बाजूने हौदातले पाणी गाळून, मीठ काढून, तेच पाणी परत सोडत राहिलो, तर पाण्याची पातळी तीच राहते पण खारटपणा कमी होत जातो. सुरुवातीला लवकर, मग हळूहळू. कारण मीठ कमी झाले की दर बादलीत येणारे मीठही कमी. यात एक गोष्ट मात्र ठाम असते. खारटपणा निम्मा व्हायला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ त्याचा पाव व्हायला लागतो. हा झाला निम्मा होण्याचा काळ. टाकल्याबरोबर मीठ एका कोपऱ्यात असते, ते हौदभर पसरेपर्यंतचे माप धरत नाहीत. उंदरातही पहिली काही मिनिटे सिनिस्ट्रिन रक्तातून पेशींभोवतीच्या द्रवात पसरत असतो. तो काळ सोडून पुढची रेषा घेतात.

निरोगी छोट्या उंदरात चमक निम्मी व्हायला साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात. पंचवीस ग्रॅमच्या उंदरात सिनिस्ट्रिन ज्या द्रवात पसरतो तो सुमारे पाच मिलिलिटर. हा झाला आपला हौद. आता ०.६९३ या ठरावीक आकड्याला पंधरा मिनिटांनी भागा आणि पाच मिलिलिटरने गुणा. उत्तर येते मिनिटाला सुमारे ०.२३ मिलिलिटर. दिवसाचे झाले ३३० मिलिलिटर. पंचवीस ग्रॅमचा जीव दिवसभरात पाव लिटरहून जास्त द्रव गाळतो! वजनाच्या मानाने पाहिले तर उंदराचे मूत्रपिंड आपल्यापेक्षा कितीतरी पट कष्ट करते.

आणि चमक निम्मी व्हायला पंधराऐवजी तीस मिनिटे लागली तर? गाळण-वेग निम्मा झाला. क्रिएटिनीन ज्या ठिकाणी गप्प बसते, तिथेच ही रेषा बोलते.

याचा दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. समजा जेंटामायसिनने मूत्रपिंडाला होणारी इजा चार वेगवेगळ्या दिवशी पाहायची आहे. जुन्या रीतीने प्रत्येक दिवसासाठी आठ उंदरांचा वेगळा गट ठेवून, त्यांना मारून मूत्रपिंड तपासत; एकूण बत्तीस. नव्या रीतीने तेच आठ उंदीर चारही दिवशी मोजता येतात आणि प्रत्येक उंदराची तुलना त्याच्या स्वतःच्याच निरोगी दिवसाशी होते. १९५९ साली रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या प्रयोगांविषयी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरे काही वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, त्यांचे हाल कमी करा. भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली १९६४ साली नेमलेली समिती प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करते. प्रत्येक संस्थेत प्रयोगापूर्वी नीतिसमितीची मंजुरी लागते. आमच्या विद्यार्थ्याने पुढचा अर्ज करताना ही पद्धत त्या समितीपुढे मांडून पाहावी. यंत्र महाग आहे, महाविद्यालय घेईलच असे नाही, पण निदान रक्त काढण्याच्या वेळा तरी कमी करता येतील.

दोष नाहीत असे नाही. काळ्या उंदराच्या कातडीत काळे डाग असतात, त्यावर यंत्र बसवले तर प्रकाश तिथेच गिळला जातो. यंत्र सैल बसले किंवा उंदराने ते खाजवले की रेषा वेडीवाकडी होते. अंगाला सूज असेल तर हौदाचे मापच बदलते. आणि सुई पूर्ण टळत नाही. रक्त काढण्याची टळली, रंग देण्याची राहिली.

पण उंदराचे मूत्रपिंड मोजायचे तरी कशाला?

काही वाचकांना हा सारा खटाटोप फुकाचा वाटेल. त्यांच्यासाठी तीन प्रसंग सांगतो.

१९३७ साली अमेरिकेत घशाच्या विकारावर एक गोड पातळ औषध बाजारात आले. औषध चांगले होते, पण ते ज्या द्रवात विरघळवले होते तो डायएथिलीन ग्लायकॉल होता. बनवणाऱ्यांनी चव पाहिली, वास पाहिला, प्राण्यांवर चाचणी केली नाही. शंभराहून अधिक माणसे मूत्रपिंडे बंद पडून मेली, त्यांत लहान मुले पुष्कळ. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा द्यावा लागेल असा कायदा तिथे झाला. आज आपण जी कोणती नवी गोळी घेतो, ती आधी प्राण्यांच्या मूत्रपिंडावर तपासलेली असते, त्याचे मूळ या घटनेत आहे.

दुसरा प्रसंग मुंबईचा. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. मेंदूतला व डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी ग्लिसरीन देतात. त्या ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. माझ्या पिढीच्या डॉक्टरांना तो अहवाल म्हणजे धडाच होता.

तिसरा प्रसंग इतका ताजा आहे की लिहिताना हात जड होतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातली वीसहून अधिक लहान मुले खोकल्याच्या औषधाने गेली. त्यांतली बरीच शेवटी नागपूरच्या रुग्णालयांत आणली होती. औषधात तेच द्रव्य, आणि तेही सुमारे ४८ टक्के. चालणारी मर्यादा ०.१ टक्का.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे. उंदरांवरच्या चाचणीने अशी भेसळ पकडली जात नाही. ती प्रत्येक घाण्याच्या रासायनिक तपासणीनेच पकडायची असते, आणि तीच झाली नव्हती. प्राण्यांनी आपल्याला एवढेच सांगितले की हे द्रव्य मूत्रपिंड मारते. ते त्यांनी १९३७ नंतर लगेचच सांगितले होते. ऐकण्याचे काम माणसांचे होते. आईबापांनी मात्र एक लक्षात ठेवावे: खोकला-तापाचे औषध चालू असताना मूल आठ-दहा तास लघवीला गेले नाही, उलट्या करू लागले, मलूल झाले, तर बाटली सोबत घेऊन ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे. सकाळची वाट पाहू नये.

मुकी जनावरेही यातून सुटलेली नाहीत. गुरांना दुखण्यावर देत असलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडली. हे कारण २००४ साली उघड झाले. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद झाले. माणसांसाठी ते अजून चालू आहे, आणि आपण वडिलांच्या प्रश्नाकडे येतो ते इथूनच.

आता वडिलांचे १.३

डायक्लोफिनॅक काय, आयब्युप्रोफेन काय, अशा वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आकसू देतात. निरोगी, भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाला दोन-चार दिवसांच्या गोळ्यांनी सहसा काही होत नाही. पण चैत्र-वैशाखात पत्र्याखाली घाम गाळणारा, दुपारपर्यंत एक तांब्या पाणी प्यायलेला माणूस रोज ती गोळी घेऊ लागला, तर मूत्रपिंड दोन्हीकडून कोंडीत सापडते. जोडीला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आणखीच.

त्यांचे वय बावन्न, क्रिएटिनीन १.३. सध्या वापरात असलेल्या सूत्रात हे आकडे घातले की गाळण-वेगाचा अंदाज सुमारे ६६ येतो. तेच १.३ पंचवीस वर्षांच्या तरुणाचे असते तर अंदाज ७८ च्या जवळ आला असता. उलट साठ वर्षांच्या बाईचे क्रिएटिनीन १.१ असले, अहवालावर एकही खूण नसली, तरी तिचा अंदाज ५७ निघतो. आणि ६० च्या खालचा वेग तीन महिने टिकला तर तो मूत्रपिंडाचा जुनाट विकार समजतात. म्हणून केवळ क्रिएटिनीनचा आकडा पाहून "ठीक आहे" म्हणणे मला पटत नाही. वय आणि स्त्री-पुरुष धरून काढलेला गाळण-वेग अहवालावर लिहून मागावा. बऱ्याच प्रयोगशाळा आता तो मागितल्यावर देतात.

६६ म्हणजे घाबरण्याचा आकडा नव्हे. पण तो उतरणीवरचा आहे की सपाटीवरचा, हे एका तपासणीने कळत नाही. इथे उंदरांच्या प्रयोगातली ती गोष्ट उपयोगी पडते: प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी. वडिलांचा जुना अहवाल घरात कुठे सापडला तर काढून ठेवावा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत.

आणि रक्त न काढता होणारी एक तपासणी माणसासाठीही आहे, ती आजच करता येते. सकाळच्या पहिल्या लघवीतील अल्ब्युमिनचे क्रिएटिनीनशी प्रमाण. गाळणीची जाळी खराब होऊ लागली की हे प्रथिन लघवीत उतरते. मधुमेहात तर क्रिएटिनीन वाढण्याच्या कितीतरी आधी. लघवीला सतत फेस येणे हे त्याचेच घरगुती लक्षण, पण फेसाची वाट पाहू नये.

चमकत्या रंगाची पद्धत माणसापर्यंत आली आहे का? आली आहे, पण आपल्या जिल्ह्यापर्यंत नाही. उंदरांचा सिनिस्ट्रिन-रंग माणसांत वापरत नाहीत. त्यासाठी रेल्मापिराझिन नावाचे वेगळे चमकणारे द्रव्य तयार करण्यात आले. तेही शिरेतून एकदा टोचायचे, छातीवर चिकटवलेले यंत्र कातडीतून त्याचे ओसरणे मोजते. गोऱ्यापासून गडद काळ्यापर्यंत सर्व वर्णांच्या माणसांवर तपासल्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली. काळ्या उंदरावर अडलेली पद्धत सावळ्या माणसावर चालणार की नाही, ही शंका आपल्यासारख्यांना येणे साहजिक होते, म्हणून हा मुद्दा मुद्दाम लिहिला.

पत्रलेखकाने आता एवढे करावे. वडिलांना दवाखान्यात नेताना ते घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत. "साधीच गोळी आहे" असे सांगून भागत नाही, नाव पाहावे लागते. रक्तदाब मोजून घ्यावा, साखर तपासावी. कंबरदुखीसाठी त्या गोळीला दुसरा पर्याय डॉक्टरांकडून लिहून घ्यावा, तोवर दुकानातली गोळी बंद ठेवावी. आणि सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावा. त्या दिवशी पहाटेची पहिली गाडी पकडलेली बरी.